सातशे पन्नासांचा हिशेब

१९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसू लागला. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून ती सूत्राने काढली जाई. कर वाचवायचा तर सिलिंडर लहान हवा, हे उघड होते. बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या राहत्या घरी सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून एक छोटी गाडी कागदावर उतरवली. १९२२ मध्ये ती ‘ऑस्टिन सेव्हन’ या नावाने बाजारात आली. लवकरच तिचे इंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे झाले आणि पुढे तेच कायम राहिले. मोटारसायकलला जोडगाडी लावून बायकामुलांना नेणाऱ्या मध्यमवर्गीयाला प्रथमच छपराची गाडी परवडू लागली. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या.

करातून जन्मलेली ही गाडी पुढे शर्यतीच्या एका संपूर्ण परंपरेची जननी ठरली. इंग्लंडमधील हौशी क्लब-शर्यती समजून घ्यायच्या असतील, तर जाहिरातींनी रंगवलेल्या मोठ्या गाड्यांपेक्षा या ७४७ घनसेंटिमीटरांपासूनच आरंभ केलेला बरा.

‘मोटर स्पोर्ट’ या मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये ऑस्टिन सेव्हनप्रेमींचा एक क्लब स्थापन झाला. तोच आजचा ‘सेव्हन फिफ्टी मोटर क्लब’. स्थापना झाली आणि महायुद्ध पेटले. ब्रुकलँड्सची प्रसिद्ध शर्यतवाट युद्धात बंद झाली ती कायमचीच. युद्ध संपले तेव्हा पेट्रोल शिधापत्रिकेवर होते, ते १९५० पर्यंत. नवी गाडी घेणे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. मात्र दोन गोष्टी मुबलक होत्या. एक म्हणजे भंगाराच्या भावाने मिळणाऱ्या जुन्या ऑस्टिन सेव्हन, आणि दुसरी म्हणजे हवाईदलाने सोडून दिलेल्या काँक्रीटच्या धावपट्ट्या. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कूम्ब ही आज नावाजलेली शर्यतस्थळे मूळची विमानतळांचीच.

क्लबच्या मंडळींनी १९५० च्या सुमारास एक नियमावली तयार केली. तिला ‘७५० फॉर्म्युला’ म्हणतात. तिच्यामागची कल्पना साधी होती. इंजिन, चासी आणि इतर मुख्य भाग ऑस्टिन सेव्हनचेच हवेत; सुपरचार्जर लावायचा नाही; बाकी ज्याने त्याने आपल्या हाताने, आपल्या परसातल्या गॅरेजात काय करायचे ते करावे. पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे हॉलंड बर्केट हे या काळातील क्लबचे प्राण होते. १९५१ पासून सुरू झालेली सहा तासांची सांघिक शर्यत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जो जास्त खर्च करील तो जिंकेल असे होऊ नये, एवढाच या नियमांचा हेतू होता. व्यवहारात तो पाळणे किती अवघड असते हे दुसऱ्याच वर्षी दिसून आले.

कॉलिन चॅपमन हे लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले तरुण. त्यांची पहिली गाडी त्यांनी मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात बांधली होती. १९५१ च्या हंगामासाठी त्यांनी ७५० फॉर्म्युल्याची गाडी तयार केली आणि नियमावली एखाद्या वकिलाने करारनामा वाचावा तशी वाचून काढली. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी तोंडे दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरांत मिळून एक तोंड. शेजारी एकामागोमाग एक श्वास घेऊ लागले की एकाच्या वाट्याचे दुसऱ्याकडे जाई. चॅपमन यांनी या तोंडांत मधोमध पडदी घातली आणि दोनाची चार केली. घराच्या सामाईक ओसरीत भिंत घालावी तसाच हा प्रकार. नियमांत असे करू नये म्हणून कोठेही लिहिलेले नव्हते. त्या हंगामात त्यांची गाडी इतरांना सहजी मागे टाकत गेली.

क्लबने नियम बदलला आणि ती वाट बंद केली. या निर्णयावर आजही दोन मते ऐकू येतात. बुद्धीचा असा उपयोग करणे हेच तर या खेळाचे सार, मग हुशार माणसाला आवर कशाला, असे एक मत. दुसरे असे की पडदी आज स्वस्त आहे. उद्या प्रत्येकाला ती बसवावी लागेल, परवा तिच्याहून बारीक काम करणारा कारागीर शोधावा लागेल, आणि दोन-तीन वर्षांत ज्याच्याकडे यंत्रशाळा आहे तोच शर्यतीत उरेल. व्यापारी पेढीवर वाढलेल्या माणसाला हे दुसरे मत अधिक ओळखीचे वाटेल. उधारीची एक सवलत एका गिऱ्हाइकाला दिली की ती साऱ्या बाजाराची रीत होऊन बसते. क्लबचा निर्णय रुक्ष होता, पण त्याच्यामुळेच तो वर्ग टिकला. ऑस्टिनचे सुटे भाग दुर्मिळ झाल्यावर तीनचाकी गाड्या बनवणाऱ्या रिलायंट कंपनीचे इंजिन आले, पुढे फियाटचे आले. इंजिन साधे आणि सहज मिळणारे हवे, हा आग्रह मात्र सुटला नाही.

चॅपमन यांचेही नुकसान झाले नाही. १ जानेवारी १९५२ रोजी त्यांनी हेझल यांच्याकडून उसने घेतलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर लोटस कंपनी सुरू केली. दोन वर्षांनी दोघांचा विवाह झाला. १९६३ ते १९७८ या काळात लोटसने फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांचे अजिंक्यपद सात वेळा मिळवले. पंचवीस पौंडांच्या उसनवारीचा एवढा परतावा कोणत्याही पेढीच्या वहीत सापडणे कठीण.

याच चॅपमन यांनी १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ नावाची हलकी, उघडी गाडी काढली. तिच्या धर्तीवर अडीचशे पौंडांत घरच्या घरी गाडी कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक रॉन चँपियन या शिक्षकांनी १९९६ मध्ये लिहिले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि चौकोनी लोखंडी नळ्या एवढेच साहित्य. अडीचशेत बहुतेकांचे भागले नाही ही गोष्ट वेगळी. घर बांधणाऱ्यालाही अंदाजपत्रकाचा तसाच अनुभव येतो. पण अशा घरगुती गाड्यांची ‘लोकॉस्ट’ ही शर्यतमालिका त्याच सेव्हन फिफ्टी क्लबने सुरू केली. ज्याने कधीकाळी नियमातून पळवाट काढली, त्याच्याच गाडीची स्वस्त नक्कल त्याच क्लबच्या नियमांत धावू लागली.

स्वस्त आणि घरोघरचे इंजिन घेऊन शर्यत भरवण्याची ही युक्ती भारतातही यशस्वी झालेली आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. त्यांच्या शर्यतीही शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर होत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइमतूरच्या लक्ष्मी मिल्स घराण्यातील एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून एकआसनी शर्यतगाडी तयार केली. तिला ‘फॉर्म्युला मारुती’ हे नाव मिळाले. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीवर शर्यती धावला. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झाले. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम येथील ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्या नावाचा आहे. कापडगिरणीच्या घरातला माणूस या नादात पडला तर घरात काय बोलले गेले असेल, याची कल्पना आपल्या वाचकांना सहज करता येईल.

इंग्लंडमधील हौशी चालकाच्या घरीही तेच बोलले जाते. तेथे हंगाम साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपत येतो. त्याआधी परवाना काढावा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. नवशिक्याच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावतात. मागून येणाऱ्याला इशारा, आणि लावणाऱ्याला नम्रतेचा धडा. शर्यत नीट पार पाडली की अधिकाऱ्याची सही मिळते. अशा ठरावीक सह्या जमल्याखेरीज वरचा परवाना मिळत नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटेच गाडी ट्रेलरवर घालून निघायचे. पोचल्यावर कागदोपत्री नोंद, मग तपासनिसांची तपासणी: शिरस्त्राण, अग्निरोधक पोशाख, पट्टे, अग्निशामक, वीजप्रवाह तोडण्याची कळ. नंतर पंधरा मिनिटांची पात्रता फेरी, आणि मग पंधरा-वीस मिनिटांची शर्यत. सात स्पर्धादिन, प्रत्येकी दोन शर्यती आणि शर्यत वीस मिनिटांची असे धरले, तर साऱ्या हंगामात माणूस चार तास चाळीस मिनिटे शर्यत खेळतो. बाकीचे वर्ष गॅरेजात, रस्त्यावर आणि हिशेबात जाते. एका स्पर्धादिनाचे प्रवेशशुल्कच काहीशे पौंड असते. त्यावर टायर, इंधन, ब्रेकची अस्तरे, ट्रेलर ओढण्याचा खर्च. नगद बक्षीस जवळजवळ नसतेच. चषक मिळतो, तो फिरता असला तर पुढच्या वर्षी परत करायचा असतो.

खरा धाक मात्र अपघाताच्या खर्चाचा. सर्वसाधारण मोटारविमा शर्यतीला लागू होत नाही. शर्यतीसाठी वेगळा विमा मिळतो, पण त्याचा हप्ता आणि आपल्या खिशातून सोसावयाची रक्कम दोन्ही जड असल्याने अनेक जण तो घेत नाहीत. दुसऱ्याने येऊन धडक दिली तरी रीतीप्रमाणे ज्याचे नुकसान त्याने सोसायचे. त्यामुळे पहिल्या वळणावर वीस-पंचवीस गाड्या एकदम घुसतात तेव्हा अनुभवी चालक एक जागा सोडून देतो. त्याला भित्रा म्हणणारे हंगामाच्या अखेरीस गुणतक्ता पाहून गप्प होतात.

क्लब-शर्यतीची खरी गंमत याच तक्त्यात आहे. प्रत्येक शर्यतीत क्रमांकानुसार गुण मिळतात आणि वर्षभराची बेरीज होते. चार शर्यती जिंकून तीनदा गाडी फोडणाऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी तिसरा-चौथा येणारा अनेकदा वर राहतो. काही मालिकांत सर्वांत कमी गुणांच्या एक-दोन शर्यती बेरजेतून वगळण्याची सोय असते, म्हणजे एखादी बुडीत उधारी माफ करण्यासारखेच. पण ती सवलत मे महिन्यातच वापरून टाकली की उरलेला उन्हाळा जीव मुठीत धरून गाडी चालवावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये कित्येकांचा हंगाम अर्ध्यावर थांबतो. इंजिनाने दगा दिलेला असतो, किंवा पुढच्या चाकाचे दांडे वाकलेले असतात, किंवा धंद्यात मंदी असते. हे चालक कोण असतात? बांधकामाचे छोटे ठेकेदार, गॅरेजवाले, दंतवैद्य, शेतकरी, नोकरदार. व्यवसायाचे खाते आणि गाडीचे खाते वेगळे ठेवणारा टिकतो. दुकानाच्या गल्ल्यातून टायर आणणाऱ्याची गाडी वर्षाअखेर विक्रीच्या जाहिरातीत दिसते. बायको घड्याळ घेऊन फेऱ्यांची वेळ टिपते, वडील पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाकाशी बसलेले असतात, मुले छत्रीखाली गृहपाठ करतात. घरातल्यांना बरोबर न घेता हा छंद फार काळ चालत नाही, कारण त्यात रविवार जातात आणि गेलेला रविवार कोणत्याही खात्यावर जमा दाखवता येत नाही.

धोका नाही असे म्हणणे खोटे ठरेल. तिकिटावरच तसा इशारा छापलेला असतो आणि प्रत्येक चालक जोखीम मान्य असल्याची सही करूनच गाडीत बसतो. त्याच्या जिवाची राखण करणारे मार्शल हे बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवक असतात. नारिंगी पोशाख घालून पावसात, वाऱ्यात दिवसभर वळणावर उभे राहायचे, पिवळा किंवा लाल झेंडा क्षणात उंचावायचा, गाडी पेटली तर अग्निशामक घेऊन धावायचे. ते आले नाहीत तर शर्यतच होत नाही. नवशिक्या चालकाने एक दिवस मार्शलचे काम केले तर त्याचीही सही परवान्यासाठी धरली जाते. बँकेत नव्या अधिकाऱ्याला काही दिवस काउंटरवर बसवतात त्यातलाच हा शहाणपणा. वळणावर उभे राहून शर्यत पाहिलेला माणूस पुढे झेंडा दिसताच वेग कमी करतो.

शर्यत संपल्यावर आघाडीच्या गाड्या लगेच मालकाच्या हाती देत नाहीत. त्या वजनकाट्यावर चढतात, काही वर्गांत इंजिनावरचे शिक्के तपासले जातात. एखाद्याच्या गाडीबद्दल शंका असेल तर ठरावीक मुदतीत, ठरावीक शुल्क भरून, लेखी तक्रार करावी लागते. चहाच्या टपरीवरची कुजबुज येथे ग्राह्य धरत नाहीत. तक्रार करणाऱ्यालाही पदरचे पैसे गुंतवावे लागत असल्याने तो दोनदा विचार करतो.

ऑक्टोबरात दिवस आखूड होतात आणि शेवटच्या शर्यती मावळत्या उजेडात होतात. गुणांची बेरीज पक्की होते, हिवाळ्यात क्लबचे स्नेहभोजन होऊन चषक दिले जातात. गाड्या गॅरेजात खोलून ठेवलेल्या असतात. अशातच पुढील वर्षाची नियमावली येते. जिंकणारे आणि हरणारे दोघेही ती सारख्याच बारकाईने वाचतात: कोणत्या कलमात शब्द बदलला आहे, आणि कोणत्या कलमात अजून काहीच लिहिलेले नाही.