पिळाला पुरून उरलेला क्रँक

सोनईच्या शिवारात विहिरीवर डिझेल इंजिन चालायचं, तेव्हा त्याची धकधक बांधावर बसलेल्याच्या पायापर्यंत पोचायची. सिलिंडर एकच. चाकाच्या दोन फेऱ्यांत धक्काही एकच. बाकीचा वेळ जड फ्लायव्हीलच गाडा ओढणार.

आता घोडेगावमार्गे नगरला या. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये घुमटासारखा बुरूज असलेली एक चिलखती गाडी उभी आहे. पोलादाखाली आहे चक्क रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, राजेरजवाड्यांची मोटार!

तिचे सहा सिलिंडर एका ओळीत. दोन फेऱ्यांत सहा धक्के, म्हणजे एक ओसरायच्या आत दुसरा हजर. वरखाली होणाऱ्या पिस्टनांचे हिसकेही परस्पर जिरतात. मग सगळ्यांनीच सहा सिलिंडर का केले नाहीत? क्रँक, म्हणजे पिस्टनांची वरखाली चाल फिरतीत बदलणारा दांडा, लांब झाला की त्याला पीळ बसतो, म्हणून. प्रत्येक धक्क्याला तो केसभर पिळतो, सुटतो, आणि ठरावीक वेगाला ही थरथर इतकी चढते की पोलाद तुटतं. रोल्स-रॉइसची इंजिनं घडवणाऱ्या हेन्री रॉइसने आधी केलेल्या सहा सिलिंडरी गाडीचे क्रँक असेच तुटले होते. १९०६ च्या नव्या इंजिनात त्याने क्रँक जाडजूड केला, सात बेअरिंगांवर बसवला आणि त्याच्या पोटातून दाबाने तेल खेळवलं. हेड आणि सिलिंडर तर एकत्रच ओतलेले. गॅस्केटच नाही, तर उडणार काय?

सुरुवातीचं हे इंजिन सात लिटरचं, ताकद मात्र जेमतेम ४८ अश्वशक्ती. आजची एक लिटरची छोटी गाडीही याहून जास्त देते. पण रॉइसला ताकदीची घाई नव्हती. त्याला हवा होता संथपणा.

१९०७ च्या लांब पल्ल्याच्या चाचणीत हजारेक किलोमीटरवर सिल्व्हर घोस्ट थांबली. कारण? हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती! त्यानंतर सुमारे २३,००० किलोमीटर ती बिघाडासाठी एकदाही थांबली नाही.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि याच चासीवर चिलखत चढलं. स्प्रिंगा भक्कम कराव्या लागल्या. दिवाणखान्यासारख्या शांततेसाठी घडवलेलं इंजिन मात्र चार टनांहून जास्त वजन घेऊन वाळवंटातही धावलं.

म्युझियममध्ये गेलात तर बुरुजाकडे नंतर बघा. आधी त्या लांबलचक बॉनेटसमोर उभे राहा. क्रँक तिथे आहे.