पोटापलीकडचे आयुष्य



माझे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेवढ्याच भांडवलावर मी आज येथे उभा आहे. विषय पैशाचा असला तरी श्रीमंत कसे व्हावे हे मी सांगणार नाही. ते मला ठाऊक असते तर वर्गणीची पावती-पुस्तके घेऊन दारोदार हिंडलो नसतो. नोकरीवाचून पोट भरण्याची सोय म्हणजे नेमकी किती, आणि ती झाल्यावर उरलेल्या आयुष्याचे काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

कामगार चळवळ पगारासाठी लढली हे सर्वांस ठाऊक आहे. पण वेळेची मागणीही तितकीच जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि तिच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केलेला पहिलाच करार कामाच्या तासांचा होता. लोखंड्यांनी आठवड्यातला एक दिवस आपल्या मालकीचा करून दिला. उरलेले सहा दिवस आपल्या मालकीचे होणे, यालाच मी आर्थिक स्वातंत्र्य म्हणतो.

आता हिशेब पाहू. विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली असे दाखविले की, पहिल्या वर्षी पुंजीतून शेकडा चार रुपये काढले आणि पुढे महागाईच्या मानाने ती रक्कम वाढवीत नेली, तरी पुंजी तीस वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी. महिना वीस हजार खर्च असेल, तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. त्याची पंचवीस पट साठ लाख. हा हिशेब तिकडच्या बाजाराचा आणि तिकडच्या महागाईचा. आपल्याकडे महागाई वर्षाला शेकडा सहा धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणून आपण तीस-पस्तीस पट धरणे बरे.

हे गणित मला उशिरा कळले, आणि त्याची टोचणी अजून आहे. २००३ साली आमच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आम्ही पुढाऱ्यांनी भांडून रक्कम वाढवून घेतली, पेढे वाटले. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्याला आठ लाख मिळाले. त्याला भजनी मंडळ उभे करायचे होते, गावच्या पोरांना पखवाज शिकवायचा होता. त्याचा घरखर्च तेव्हा महिना सहा हजार, म्हणजे वर्षाला बहात्तर हजार. पंचवीस पट धरली तरी अठरा लाख हवे होते. हातात निम्मेही नव्हते, आणि ते आम्ही त्याला सांगितले नाही. मुलीचे लग्न आणि उधारीवर घेतलेला टेम्पो यांत दोन वर्षांत रक्कम संपली. मग बारा तासांची रखवालदारी आली, पखवाज खुंटीवरच राहिला.

मग गरिबाने ही आशा सोडावी काय? नाही. स्वातंत्र्य अर्धेही मिळते. खर्चाचा निम्मा भाग ठेवींतून किंवा निवृत्तिवेतनातून भागला, तर उरलेल्या निम्म्यापुरतेच काम करावे लागते. पूर्ण पाळीऐवजी अर्धी पाळी, आणि अर्धा दिवस आपला. त्यासाठी क्रम मात्र पाळावा लागतो: आधी कर्ज फेडावे, मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, दुखण्याखुपण्याचा विमा उतरवावा, नंतर पुंजी वाढवावी. भविष्य निर्वाह निधी हा म्हातारपणाचा बैल आहे. नोकरी बदलली की तो विकून खाऊ नये.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या कंत्राटी कामगाराचा पगार महिनाअखेरीस पुरत नाही, त्याला काटकसरीचे व्याख्यान देणे ही थट्टा आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ साली सुरू झाली. २०१४ साली तिचे किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार रुपये ठरले. हजार रुपयांत स्वातंत्र्य येत नाही. म्हणून पुरेसा पगार, पुरेसे निवृत्तिवेतन आणि परवडणारे औषधपाणी यांसाठीची लढाई ही सर्वांच्या स्वातंत्र्याची लढाई आहे.

शेवटी, ते कशासाठी? नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शिपायाची नोकरी केली, आणि १९६२ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. त्यांनी ते पोटाच्या धबडग्यातून साधले. किती जणांना ते साधले नसेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. कारण कामाबाहेर आपल्याला काय आवडते, हे त्यांना कधी विचारलेच गेले नव्हते. म्हणून पुंजी जमण्याची वाट पाहू नका. रविवारचे दोन तास आजच त्या आवडीला द्या. पखवाज खुंटीवरून आजच काढावा, आणि हिशेबाची वहीही आजच उघडावी.