हान्स केल्सेन : विधिसिद्धांत, न्यायासन आणि राज्यशास्त्राचे अध्यापन

कायद्याचे शास्त्र राजकारणापासून सर्वस्वी अलग ठेवले पाहिजे, असा आग्रह विसाव्या शतकात हान्स केल्सेन (१८८१–१९७३) यांच्याइतका कठोरपणे क्वचितच कोणी धरला असेल. परंतु त्यांच्या चरित्राकडे पाहिले असता एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक सर्व स्थित्यंतरे राजकारणाने घडवून आणली. आणि त्यांना अखेरचे स्थिर अध्यापकपद मिळाले तेही विधिमहाविद्यालयात नव्हे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील राज्यशास्त्र विभागात. ही विसंगती केवळ योगायोगाची मानून सोडून देता येत नाही. एखादा नियम कायदा आहे असे म्हणणे आणि तो पाळणे उचित आहे असे म्हणणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे केल्सेन यांच्या विचाराचे मर्म होय. आणि त्या मर्माची कसोटी त्यांच्या सिद्धांतग्रंथांइतकीच त्यांच्या चरित्रातही लागलेली आहे.

१. व्हिएन्ना : अध्यापन आणि राज्यघटनेचा मसुदा

केल्सेन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी प्राग येथे एका जर्मनभाषिक ज्यू कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच हे कुटुंब व्हिएन्नास स्थायिक झाले. तेथील विद्यापीठातून १९०६ मध्ये त्यांनी विधिविषयक डॉक्टरेट मिळविली. तत्पूर्वीच, १९०५ मध्ये, दान्तेच्या राज्यविषयक विचारांवरील त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले होते. १९११ मध्ये सार्वजनिक विधीच्या मूलभूत प्रश्नांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्या बळावर त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार प्राप्त झाला. राज्य म्हणजे कायद्याच्या पाठीमागे उभी असलेली कोणी गूढ शक्ती नसून ती कायद्याचीच एक व्यवस्था आहे, ही त्यांची पुढील भूमिका या काळात आकार घेऊ लागली होती.

पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धमंत्र्यांचे विधिविषयक सल्लागार म्हणून काम केले. १९१८ मध्ये हॅब्सबर्ग साम्राज्य कोसळले, तेव्हा नव्या ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाचे चॅन्सेलर कार्ल रेनर यांनी त्यांना राज्यघटनेच्या मसुद्याच्या कामी पाचारण केले. १९१९ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले आणि १ ऑक्टोबर १९२० रोजी संघराज्याची घटना संमत झाली. तिच्यातील राजकीय तडजोडी अर्थातच पक्षांनी केलेल्या होत्या. परंतु घटना न्यायालयाच्या रचनेवर केल्सेन यांचा ठसा स्पष्ट उमटलेला होता.

२. घटना न्यायालय आणि न्यायासनाचा अनुभव

या न्यायालयाचे महत्त्व तुलनेने लक्षात येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटनाविरोधी कायदा लागू करण्यास कोणतेही न्यायालय आपल्यापुढील वादापुरता नकार देऊ शकते. ऑस्ट्रियाच्या घटनेने हा अधिकार एकाच विशेष न्यायालयाकडे सोपविला आणि त्या न्यायालयाने रद्द केलेला कायदा सर्वांच्याच बाबतीत रद्द होतो, असे ठरविले. विधिमंडळ कायदा निर्माण करते, घटना न्यायालय तो नाहीसा करते. म्हणून अशा न्यायालयास केल्सेन यांनी नकारात्मक विधिकर्ता मानले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, इटली आदी देशांनी ही पद्धत थोड्याफार फरकाने स्वीकारली. भारतीय संविधानाने मात्र असे स्वतंत्र न्यायालय निर्माण न करता अनुच्छेद ३२ आणि २२६ यांच्या द्वारे हे कार्य सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालये यांच्याकडेच सोपविले.

केल्सेन हे स्वतः या न्यायालयाचे सदस्य होते आणि ही नेमणूक तहहयात होती. परंतु १९२७ च्या सुमारास एका प्रकरणाने त्यांच्यावर मोठे वादळ ओढवले. ऑस्ट्रियाच्या १८११ च्या नागरी संहितेनुसार कॅथलिक दांपत्यास विभक्त राहता येई, पण जोडीदार हयात असेपर्यंत पुनर्विवाह करता येत नसे. महायुद्धानंतर लोअर ऑस्ट्रियाचे प्रांतप्रमुख आल्बर्ट सेव्हर यांनी संहितेतील सवलतीच्या कलमाचा आधार घेऊन अशा पुनर्विवाहांना प्रशासकीय परवानग्या देण्यास प्रारंभ केला. सर्वसाधारण न्यायालये हे विवाह अवैध ठरवू लागली. एकच राज्य एका हाताने विवाहास परवानगी देते आणि दुसऱ्या हाताने तोच विवाह मोडते, अशी ही अवस्था होती. घटना न्यायालयाने हा प्रश्न अधिकारक्षेत्राच्या संघर्षाचा मानला आणि प्रशासनाच्या आदेशाची वैधता तपासण्याचा अधिकार सर्वसाधारण न्यायालयांना नाही, असा निर्णय दिला.

निर्णय अधिकारक्षेत्रापुरता होता; पण समाजात तो विवाहसंस्थेवरील आघात म्हणून वाचला गेला. ख्रिश्चन सोशल पक्ष व त्याच्या बाजूची वृत्तपत्रे यांनी न्यायालयावर आणि विशेषतः केल्सेन यांच्यावर प्रखर टीका केली. डिसेंबर १९२९ मध्ये घटनादुरुस्ती होऊन न्यायालयाची पुनर्रचना झाली. तहहयात नेमलेल्या न्यायाधीशांची पदे संपुष्टात आली आणि नव्या नेमणुकांत शासनाचा वाटा वाढला. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या वाट्यातून त्यांचे नाव सुचविण्याची तयारी दर्शविली होती. परंतु पक्षाच्या नावे न्यायासनावर बसणे त्यांना मान्य झाले नाही. १९३० मध्ये त्यांनी व्हिएन्ना सोडले. पुढे तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, डॉलफुस शासनाने वटहुकमाच्या आधारे ते न्यायालयच निष्क्रिय करून टाकले.

या घटनेचा एक पैलू अभ्यासकाने विशेष लक्षात घेतला पाहिजे. केल्सेन यांना दूर करणारी दुरुस्ती घटनेने सांगितलेल्या मार्गानेच झाली होती. त्यांच्याच सिद्धांतानुसार ती वैध होती. तिला अन्याय्य म्हणता आले असते, अवैध नव्हे.

३. शुद्ध विधिसिद्धांताचे स्वरूप

हा सिद्धांत १९३४ मध्ये ‘शुद्ध विधिसिद्धांत’ या ग्रंथात सुसंगत रूपाने मांडला गेला. त्याची १९६० ची आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहिलेली आहे. ‘शुद्ध’ या शब्दाने कायदा शुद्ध आहे असे सुचवावयाचे नाही. शुद्धता हवी ती कायद्याच्या शास्त्रात. त्याने समाजशास्त्र, नीतिशास्त्र व राजकीय मतप्रणाली यांची सरमिसळ टाळावी, एवढाच त्याचा अर्थ.

एक उदाहरण घेऊ. पुणे महानगरपालिका एखाद्या नागरिकाकडून मालमत्ता कर मागते. ही मागणी आणि दरोडेखोराची मागणी यांत फरक कोणता? महानगरपालिकेस हा अधिकार मुळात मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून संमत झालेल्या १९४९ च्या कायद्याने मिळतो, असे उत्तर येते. तो अधिनियम आज का चालतो? संविधानाच्या अनुच्छेद ३७२ ने पूर्वीचे कायदे पुढे चालू ठेवले म्हणून. मग संविधान का बंधनकारक आहे? ब्रिटिश पार्लमेंटचे नाव येथे घेता येत नाही. कारण अनुच्छेद ३९५ ने १९३५ चा भारत शासन अधिनियम आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियम हे दोन्ही रद्द केले आहेत. साखळीची वरची कडी संविधानाने स्वतःच्या हातांनी तोडली. येथे आल्यावर दाखविण्यास कोणताही कायदा उरत नाही. संविधान पाळले जावे, असे गृहीत धरावे लागते. या गृहीतकासच केल्सेन मूलाधार नियम म्हणतात. तो कोणी केलेला नसतो, कोठे लिहिलेला नसतो. कायद्याला कायदा म्हणून समजून घेणाऱ्याने तो मनाशी धरलेला असतो.

यास एक महत्त्वाची अट आहे. हे गृहीतक ज्या व्यवस्थेबाबत धरावयाचे, ती व्यवस्था सामान्यतः परिणामकारक असली पाहिजे. म्हणजे तिचे नियम एकंदरीने पाळले व अंमलात आणले गेले पाहिजेत. परंतु परिणामकारकता ही वैधतेची अट आहे, वैधतेचे कारण नव्हे. सत्ता यशस्वी झाली म्हणून ती अधिकारी ठरली, असे केल्सेन म्हणत नाहीत. हा भेद सूक्ष्म असला तरी पुढील इतिहासात त्याच्याच विस्मरणाची किंमत द्यावी लागली.

४. कोलोन ते बर्कली

व्हिएन्नाहून केल्सेन कोलोन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विधीचे प्राध्यापक म्हणून गेले. १९३१ मध्ये घटनेचा रक्षक कोण, या प्रश्नावर त्यांचा कार्ल श्मिट यांच्याशी प्रसिद्ध वाद झाला. श्मिट यांच्या मते हे रक्षण राष्ट्राध्यक्षाकडे असावे; केल्सेन यांच्या मते ज्याच्याकडून घटनाभंगाचा संभव अधिक, त्यालाच घटनेचा रक्षक नेमणे म्हणजे कोणालाही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होता येत नाही, या तत्त्वास हरताळ फासणे होय. जुलै १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आणीबाणीच्या अधिकाराखाली प्रशियाचे प्रांतिक शासन बाजूस सारण्यात आले, तेव्हा हा वाद केवळ ग्रंथगत राहिला नाही.

केल्सेन हे विद्याशाखेचे अधिष्ठाते असताना श्मिट यांना कोलोनला बोलाविण्याचा प्रश्न आला. त्यांनी ती नेमणूक अडविली नाही. एप्रिल १९३३ मध्ये नाझी शासनाच्या नव्या सेवाविषयक कायद्यान्वये केल्सेन यांना पदावरून दूर करण्यात आले. विद्याशाखेतील सहकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने शासनाकडे निवेदन पाठविले. त्यावर श्मिट यांची सही नव्हती.

यानंतर केल्सेन जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय अभ्याससंस्थेत गेले. १९३६ पासून प्रागच्या जर्मन विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. परंतु तेथे ज्यूद्वेष्ट्या विद्यार्थ्यांच्या निदर्शनांमुळे शांतपणे शिकविणे अशक्य झाले. १९४० मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते अमेरिकेत पोहोचले. हार्वर्ड येथे त्यांनी व्याख्याने दिली, पण स्थायी पद मिळाले नाही. न्यायालयीन निर्णयांच्या अभ्यासावर उभ्या असलेल्या अमेरिकन विधिशिक्षणात त्यांच्या तार्किक पद्धतीस फारसे स्थान नव्हते. १९४२ मध्ये बर्कलीच्या राज्यशास्त्र विभागाने त्यांना सामावून घेतले आणि १९४५ मध्ये ते तेथे पूर्ण प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन नागरिकत्व स्वीकारले व त्यांचा ‘विधी आणि राज्य यांचा सामान्य सिद्धांत’ हा इंग्रजी ग्रंथ प्रकाशित झाला. १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलमवार विश्लेषण करणारा त्यांचा विस्तृत ग्रंथ बाहेर पडला. न्युरेंबर्ग खटल्याचे न्यायाधीश केवळ जेत्या राष्ट्रांचे असावेत, हे नाझींनी देशोधडीस लावलेल्या या विद्वानास मान्य नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी ते स्पष्टपणे मांडले.

५. सिद्धांताचा न्यायालयीन उपयोग

१९४५ च्या या ग्रंथाची पुढची वाटचाल मात्र लेखकाच्या हाती राहिली नाही. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी पाकिस्तानचे अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी १९५६ ची राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा जारी केला. अवघ्या वीस दिवसांनी, डोसो खटल्यात, सरन्यायाधीश मुहंमद मुनीर यांनी केल्सेन यांचा आधार घेऊन असा निर्णय दिला की, यशस्वी झालेली क्रांती ही कायदा निर्माण करण्याची एक रीत आहे, म्हणून नवी व्यवस्था वैध आहे. परिणामी जुन्या घटनेतील मूलभूत हक्कांचा आधार नागरिकांना उरला नाही. निकालाच्याच दिवशी मिर्झा यांना दूर करून आयुबखान यांनी सत्ता हाती घेतली. पुढे युगांडात १९६६ च्या आणि ऱ्होडेशियात १९६८ च्या खटल्यांत हाच युक्तिवाद पुन्हा पुढे आला.

या निर्णयातील दोष दुहेरी आहे. पहिला असा की, व्यवस्था एकंदरीने पाळली जाते किंवा नाही, हे वीस दिवसांत ठरत नाही. दुसरा अधिक मूलगामी आहे. केल्सेन यांचा सिद्धांत कायद्याचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञासाठी आहे. न्यायाधीशाने कोणाच्या बाजूने उभे राहावे, याची आज्ञा तो देत नाही. न्यायाधीश स्वतःच त्या व्यवस्थेचा एक घटक असतो. त्याच्या निर्णयाने तिच्या परिणामकारकतेस भर पडते. म्हणून ‘व्यवस्था यशस्वी झाली आहे, सबब मी ती मानतो’ असे म्हणणारा न्यायाधीश आपली निवड वर्णनाआड लपवीत असतो. १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात पाकिस्तानच्याच सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश हमूदूर रहमान यांच्या नेतृत्वाखाली, डोसो निर्णय चुकीचा ठरविला.

तरीही सारा दोष वाचणाऱ्यांवर टाकून सिद्धांतास मोकळे करता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. १९२९ च्या दुरुस्तीने जी उणीव दाखविली ती खरी आहे. विहित पद्धत पाळून घटनेचा गाभाच काढून घेतला गेला आणि घटनेने स्वतः त्यास आडकाठी केलेली नसली, तर शुद्ध विधिसिद्धांत त्यास अवैध म्हणू शकत नाही. केल्सेन यांचे १९ एप्रिल १९७३ रोजी कॅलिफोर्नियात निधन झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ एप्रिल रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात संविधानाच्या मूलभूत संरचनेस दुरुस्तीनेही धक्का लावता येत नाही, असे ठरविले. संविधानात शब्दशः न लिहिलेली मर्यादा न्यायालयाने त्याच्या अर्थातून काढली. हा मार्ग केल्सेन यांचा नव्हे. तथापि ज्या प्रश्नावर त्यांचे न्यायाधीशपद गेले, त्याच प्रश्नाचे ते एक निराळे उत्तर होय.

६. उपसंहार

मे १९५२ मध्ये बर्कलीतून निवृत्त होताना केल्सेन यांनी न्याय म्हणजे काय, या विषयावर निरोपाचे व्याख्यान दिले. न्यायाची सर्वांना बंधनकारक अशी व्याख्या शास्त्रास देता येत नाही, हे त्यांनी तेथेही सोडले नाही. परंतु स्वतःपुरते बोलावयाचे तर ज्या समाजव्यवस्थेत सत्याचा शोध निर्वेध चालू शकतो ती आपणास न्याय्य वाटते, असे सांगून त्यांनी स्वातंत्र्य, शांतता, लोकशाही आणि सहिष्णुता यांची बाजू घेतली. शास्त्रज्ञ म्हणून जे सांगता येत नाही ते माणूस म्हणून सांगण्यास त्यांनी संकोच केला नाही. मात्र दोन्ही भूमिका त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. कायदा कोणता हे शास्त्र सांगेल. त्याला मान तुकवावयाची किंवा नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे आणि त्याचे उत्तरदायित्वही त्यानेच घ्यावयाचे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने केल्सेन यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे.