मांजराचे मागचे पाय लुळे पडले तर : आधी पंजे, मग ताटली

मागच्या काही भागांच्या मानाने आजचा विषय घरगुती आहे. पण हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे आणि माझ्या घरात तो घडूनही गेला आहे. लहान वयाचं मांजर, कुठे पडलं नाही, कुणी मारलं नाही, तरी मागचे पाय धरत नाहीत. अशा वेळी काय करायचं?

आमचा मन्या पावसाळ्यात आला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा असेल. रसमड्यासारख्या गावात मांजर म्हणजे घरच्या दूधभातावर आणि उंदरांवर जगणारा प्राणी. मन्याचे मात्र लाड झाले. मी त्याच्यासाठी दुर्गहून बिनहाडाची कोंबडी आणायचो, उकडून बारीक करून द्यायचो आणि रविवारी वर थोडी कलेजी. आमची ही म्हणायची, "अहो, नुसतं मांस कुणी घालतं का?" मी म्हणायचो, "मांजर मांसाहारी आहे, त्याला दुसरं काय लागतं?"

डिसेंबरमधल्या एका सकाळी मन्या ओट्यावर उडी मारायला दबला, अंग तोललं आणि तसाच खाली बसून राहिला. दोन दिवसांनी कंबर हलवत चालायला लागला. उचललं की ओरडायचा. शेजारच्यांनी सांगितलं, थंडी धरली असेल, कोवळ्या उन्हात ठेवा. मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून दुधात घातली. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं, म्हणून वाचला. हे पहिलं ध्यानात ठेवा. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल पचवू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते आणि अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. तसंच कुत्र्याचं गोचिडाचं औषध. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. घरातलं कुठलंही औषध आपल्या अंदाजाने द्यायचं नाही.

आता कामाचं बोलू. मागचे पाय गेलेले दिसले की पहिल्या पाच मिनिटांत पंजे बघा. अचानक, काही मिनिटांत पाय गेले, मांजर जिवाच्या आकांताने ओरडतंय, मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार आहेत, तळवे फिके किंवा निळसर आहेत, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. हृदयात तयार झालेली गुठळी मुख्य धमनी मागच्या पायांसाठी दोन भागांत फुटते तिथे जाऊन अडकते. वरून धडधाकट दिसणाऱ्या तरुण मांजरातही हे होतं. इथे उद्यावर ढकलायचं नाही, त्याच तासाला निघायचं.

दुसरं, लघवी. पाठीच्या कण्याला मार असेल तर मूत्राशयावरचा ताबाही जातो. दिवसभरात लघवी झालेली नसेल तर तीही तातडीचीच बाब. मार लागल्याची शंका असेल तर मांजराला काखेत धरून नेऊ नका. पाट किंवा जाड पुठ्ठ्यावर आडवं ठेवून, वरून टॉवेल गुंडाळून न्या.

तिसरं, ताप. दोन वर्षांच्या आतलं मांजर, ताप येतो-जातो, वजन उतरतंय आणि चालताना तोल जातोय, तर डॉक्टरांना एफआयपीबद्दल विचारा. कोरोना विषाणूंपैकीच एकामुळे होणारा हा मांजरांचा आजार पूर्वी जवळजवळ नेहमीच जीव घ्यायचा. 2019 साली अमेरिकेत नील्स पेडरसन यांच्या चमूने जीएस-441524 या औषधाने बरीच मांजरं बरी झाल्याचं दाखवलं. तेव्हापासून या निदानाचा अर्थ 'संपलं' असा राहिला नाही.

मन्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. पंजे गरम, लघवी ठीक, ताप नाही. शहरात रक्त तपासलं, कॅल्शियमसकट सगळे आकडे नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "खातो का?" मी छाती फुगवून सांगितलं, "उत्तम खातो." प्रश्न तिथेच मिटला आणि चूक माझी होती. काय खातो, हे मी सांगितलंच नाही.

आठवड्याने त्याला अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. ते आमच्यापासून जवळच आहे. तिथे एक्स-रे काढला. निरोगी हाड फिल्मवर पांढरंशुभ्र दिसतं. मन्याची हाडं आजूबाजूच्या मांसापेक्षा जरा उजळ, एवढीच. मांडीचं हाड एका जागी ओल्या फांदीसारखं दुमडलेलं होतं. मग त्यांनी ताटलीची चौकशी केली. पाच महिने, रोज, बिनहाडाची कोंबडी. उत्तर मिळालं.

हे नीट समजून घ्या, कारण 'कारण सापडत नाही' असं वाटण्याची खरी मेख इथे आहे. वाढत्या पिलाला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण बरोबरीने लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. कलेजीत ही तफावत आणखी मोठी. पण हृदय आणि स्नायू चालायला रक्तात कॅल्शियम क्षणोक्षणी लागतं. ते कमी पडू लागलं की मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडतात, हाडांतून काढा. पुढच्या चौकीला रसद कमी पडू नये म्हणून मागचं कोठार रोज उपसावं, तसं हे चालतं. चौकीवर पाहणी करणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. रक्ताचा अहवाल म्हणजे ती चौकी. तो खोटा नव्हता, पण कोठार रिकामं झालेलं त्याला दिसत नव्हतं.

मग रानमांजर कसं जगतं? ते उंदीर अख्खा खातं, हाडांसकट. मांसाहारी म्हणजे फक्त मांस खाणारा, हा अर्थ मी लावला होता, निसर्गाने नव्हे. म्हणून शिजवलेली हाडं घालायला लागू नका. ती फुटून टोकदार होतात आणि आतडं फाडू शकतात. आणि कोवळ्या उन्हाचं म्हणाल, तर आपल्यासारखं ड जीवनसत्त्व मांजराच्या कातडीत पुरेसं तयार होत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. ऊन त्याला आवडतं, पण त्याने हाड भरत नाही. दूधभात-पोळीवरच वाढवणंही चूक. त्यात मांजराला लागणारं टॉरिन मिळत नाही आणि हृदय व डोळे बिघडतात.

उपाय ऐकायला सोपा आहे, पाळायला कठीण. पिलांसाठीचं संपूर्ण अन्न सुरू करायचं. पाकिटावर 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड' आणि 'किटन' किंवा 'ग्रोथ' असं लिहिलेलं असावं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं पाकीट तोंडी लावण्यापुरतं. कॅल्शियमच्या बाटल्या मनाने ओतायच्या नाहीत, जास्तीचंही नुकसान होतं. आणि पिंजरा. हाडं भरेपर्यंत उडी नाही, जिना नाही, खेळ नाही. मन्याला सहा आठवडे तारेच्या पिंजऱ्यात ठेवला. वेदना कमी झाल्या की मांजर धावू बघतं आणि भरत आलेलं हाड तेव्हाच मोडतं. पहिले चार दिवस तो रात्रभर ओरडला. दार उघडायला माझाच हात दोनदा कडीपर्यंत गेला. हिने रोखलं.

आज मन्या चालतो, धावतो. ओट्यावर मात्र दोन टप्प्यांत चढतो, मध्ये मी एक स्टूल ठेवलं आहे. कमरेचा सांगाडा थोडा आकसला आहे. अशा मांजरांना पुढे शौचाला त्रास होऊ शकतो, म्हणून त्याच्या मातीच्या ट्रेवर रोज नजर ठेवावी लागते. हे आता जन्माचं काम.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्या. मांजर कसं चालतं याचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, कारण टेबलावर ते चालणार नाही. आणि एक कागद. गेल्या महिन्यात त्याने काय काय आणि किती खाल्लं, ते खरंखरं लिहून. 'उत्तम खातो' असं लिहू नका, पदार्थाचं नाव लिहा. माझ्याकडे तो कागद पहिल्या दिवशी असता, तर मन्याचा एक आठवडा वाचला असता. ते मांडीचं हाडही कदाचित वाचलं असतं.