सही कोणासाठी?

उद्योग बुडाला तर तो चालवणाऱ्याने स्वतःच्या मालमत्तेतून भरपाई करावी काय, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरला केवळ तात्त्विक नाही. क्रांती चौकात मोर्चे आणि धरणी पाहणाऱ्या या शहरातच व्हिडिओकॉन समूह वाढला, पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यातून त्याने रंगीत दूरचित्रवाणी संच घरोघरी पोहोचवले, आणि २०१८ मध्ये तो दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेला. धनकोंचे मान्य दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे होते. २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेला प्रस्ताव २,९६२ कोटींचा, म्हणजे रुपयामागे जेमतेम साडेचार पैशांचा होता, आणि तोही २०२२ मध्ये अपिलात रद्द झाला.

कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहते. यालाच मर्यादित दायित्व म्हणतात. त्याशिवाय मोठे भांडवल उभे राहत नाही. समूहाच्या दूरसंचार कंपनीचे परवाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्द झाले. अशा आघाताने आलेल्या तोट्यासाठी संचालकाला गुन्हेगार मानणे अन्यायाचेच आहे.

हे संरक्षण मात्र लबाडीला लागू नाही. दिवाळखोरी अटळ आहे हे ठाऊक असूनही धनकोंचे नुकसान कमी करण्याची काळजी न घेणाऱ्या संचालकाला दिवाळखोरी संहितेच्या कलम ६६ नुसार पदरचे पैसे भरावे लागू शकतात. प्रवर्तकाने कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली असेल, तर कंपनीचा निपटारा झाला म्हणून तो आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले. अटक ही वेगळी बाब आहे: समूहाचे प्रमुख वेणुगोपाल धूत यांना बँक कर्जप्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात अंतरिम जामीन मिळाला, पण अटकेने ना दोष सिद्ध होतो, ना कोणाचे देणे फिटते.

खरी उणीव अन्यत्र आहे. हमीची सही बँकेसाठी असते. ज्याचे वेतन थकले त्या कामगाराला तिच्यातून काहीच मिळत नाही. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्येच स्वतंत्र कायदा करून, पैसे बुडवणाऱ्या वित्तीय संस्थेच्या संचालकांच्या मालमत्तेवरही जप्ती आणण्याची सोय केली. प्रवर्तकाकडून होणाऱ्या वसुलीतही कामगारांच्या थकीत वेतनाचा वाटा कायद्याने निश्चित व्हावा, आणि तो बँकांच्या आधी दिला जावा.