कोचच्या शेजारी उभा असतो तो कोण?

अमेरिकेतल्या शाळांचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि जोरदार टक्कर. सराव सुरू होतो ऐन ऑगस्टच्या उकाड्यात. मैदानाच्या कडेला कमरेला पाऊच बांधून उभा असतो तो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. हा जिममधला ट्रेनर नव्हे बरं का! दुखापत ओळखणं, तिथल्या तिथे उपचार करणं हे त्याचं शिक्षण, त्यासाठी बोर्डाची परीक्षा.

त्याचं खरं मोल कळतं उष्माघातात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मूल असंबद्ध बोलू लागलं की त्याला थेट बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवायचं. आधी थंड करायचं, मग रुग्णवाहिकेत घालायचं. अर्ध्या तासात तापमान उतरवलं तर जीव जवळपास हमखास वाचतो. अँब्युलन्सची वाट बघत नुसतं पाणी शिंपडत बसणं महागात पडतं.

डोक्याच्या माराचंही तसंच. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट मार लागूनही पुन्हा खेळायला उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. पुढे २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. हा निर्णय जिंकायला आतुर कोचवर सोडूच नये, असं माझं स्पष्ट मत.

तरीही तिथल्या अनेक शाळांत असा ट्रेनर नाही; कारण अर्थातच पैसा. तिकडे राहणाऱ्या मराठी आईबाबांनो, मुलाचा फॉर्म भरण्याआधी शाळेला विचारा: ट्रेनर रोज सरावाला असतो का, आणि टब कुठे ठेवलाय?