रामेनचा एक वाडगा

परवां एका स्नेह्यांकडे संध्याकाळीं बसलों असतां त्यांची कन्या आंतून वाफाळलेला वाडगा घेऊन आली व म्हणाली, "काका, रामेन केलं आहे. घेणार?" वाडग्यांत पुडींतल्या शेवया होत्या, पुडींतलाच मसाला होता, आणि वर हौसेनें चिरून टाकलेली कांद्याची पात. त्याच आठवड्यांत पुण्यांतील एका उंची उपाहारगृहाच्या पत्रकांत आम्हीं हाच शब्द वाचला होता. तेथें एका वाडग्याला जो भाव लिहिला होता त्यांत असल्या पुड्यांचें एक खोकें सहज आलें असतें. एकाच नांवाच्या दोन पदार्थांत एवढें अंतर पाहून यांतील खरें रामेन कोणतें, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा. टोकियोच्या निशि-कासाई भागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे व तेथें आमचे एक आप्त राहतात. त्यांच्या निमित्तानें जें थोडेंबहुत पाहिलें व पुढें वाचलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

आज जगभर ज्याला जपानचा पदार्थ म्हणून ओळखतात तो मूळचा जपानी नव्हे. गव्हाच्या शेवया रश्शांत घालून खाण्याची रीत चिनी लोकांनीं बंदरांच्या शहरांत आणली. १९१० सालीं टोकियोच्या असाकुसा भागांत ओझाकी कान्इचि यांनीं 'राइराइकेन' नांवाचें दुकान काढलें व योकोहामाच्या चिनी वस्तींतून आचारी आणवून हे वाडगे विकावयास आरंभ केला. त्या काळीं या पदार्थाला 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया, असें म्हणत. गिऱ्हाईक म्हणजे कामकरी, विद्यार्थी, रात्रपाळीचे लोक. रात्रीं हातगाडी ओढीत व 'चारुमेरा' नांवाची पिपाणी वाजवीत विक्रेते गल्लींतून हिंडत. १९४५ नंतर जपानांत तांदुळाचा भयंकर तुटवडा पडला, अमेरिकेंतून गहूं येऊं लागला, आणि चीन व मांचुरियांतून परत आलेल्या कित्येक जपान्यांनीं पोट भरण्यासाठीं हीच गाडी हातीं धरली. म्हणजे ज्या 'अस्सल'पणाची आज एवढी चर्चा चालते, त्याचा जन्म भुकेच्या दिवसांतला व उघड्या रस्त्यावरचा आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

तरीपण स्वस्त याचा अर्थ सोपें असा मात्र नाहीं. या शेवयांचें मर्म एका क्षारांत आहे. जपानी लोक त्याला 'कान्सुइ' म्हणतात. त्यांत सोडियम कार्बोनेट व पोटॅशियम कार्बोनेट असतात. आमच्या वाचक भगिनींना हें परकें वाटूं नये, कारण उडदाच्या पापडांत पापडखार कां घालतात हें त्यांना आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. क्षाराच्या योगानें कणीक ताठ व चिवट होते, शेवई दांताखालीं लवचीक लागते, आणि पिठांतील कांहीं द्रव्यें पिवळीं पडल्यामुळें अंडें न घालतांहि तिला पिवळसर रंग येतो. हा क्षार गाळला तर उरतात त्या साध्या गव्हाच्या शेवया. मग वर कांहींहि सजवा.

रश्शाची गोष्ट याहून मोठी आहे. क्युशू बेटावरील कुरुमे गांवचा 'तोन्कोत्सु' रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. तीं हाडें कित्येक तास खळखळ उकळत ठेवतात. त्यांतील सरस विरघळतो, चरबी पाण्यांत मिसळून जाते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. मंद आंचेवर ठेवला तर तो स्वच्छ राहतो, पण तो प्रकार निराळा. वाडग्याच्या तळाशीं आधीं 'तारे' नांवाचा खारट अर्क घालतात, मिठाचा, सोयाबीनच्या 'शोयू'चा किंवा 'मिसो'चा. त्यावर रस्सा, मग शेवया, मग सुवासिक तेल, आणि शेवटीं वरचें साहित्य. हें सर्व मिनिटा-दोन मिनिटांत उरकावें लागतें, कारण शेवया रश्शांत पडल्या कीं फुगूं लागतात.

आमच्या आप्तांच्या चिरंजीवांना अशाच एका दुकानांत जावयाचें होतें. दाराशीं यंत्र, त्यांत पैसे टाकून तिकीट घ्यावयाचें. आंत एका फळीपुढें आठ-दहा स्टुलें. आम्ही शाकाहारी असल्यामुळें बाहेर उभे राहून कांचेंतून पाहत होतों. आंत संभाषण जवळजवळ नव्हतें, फक्त भुरक्यांचा आवाज. पाश्चात्त्य प्रवाशांना हा असभ्यपणा वाटतो म्हणतात. आम्हांला कांहींच वाटलें नाहीं. ज्यानें पंक्तींत आमटीचा भुरका मारला आहे त्याला त्याचें कारण कोणीं सांगावयास नको. भुरक्याबरोबर वारा आंत जातो, जीभ पोळत नाहीं व वास थेट नाकांत चढतो. चिरंजीव दहा मिनिटांत बाहेर आले. पाठीमागची रांग पाहतां तेथें रेंगाळणें हाच खरा असभ्यपणा ठरला असता.

शाकाहारी मनुष्यानें जपानांत जपून असावें. 'भाजीचें रामेन' मागितलें तरी वर भाजी व खालीं हाडांचाच रस्सा, असा प्रकार नेहमींचा आहे, आणि विक्रेत्याला त्यांत कांहीं फसवणूक वाटत नाहीं. पण वाट अगदींच बंद नाहीं. बौद्ध मठांतील 'शोजिन' स्वयंपाकांत मासळी-मांस चालत नाहीं. तेथील रस्सा 'कोंबु' नांवाच्या सागरी वनस्पतीचा व वाळलेल्या 'शिइताके' अळंब्यांचा. याच कोंबूच्या रश्शांतून इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं ग्लुटामेट वेगळें काढून दाखविलें व त्या चवीला 'उमामि' हें नांव दिलें. टोकियो स्टेशनाच्या आंतल्या भागांत 'टीज् तान्तान' नांवाचें एक दुकान आहे, तेथें प्राणिज कांहींच वापरीत नाहींत. तिळाच्या वाटणाच्या दाट रश्शांतील शेवया आम्हीं तेथें खाल्ल्या. त्या खऱ्या कीं खोट्या याचा निकाल आम्हांला लावतां येणार नाहीं; वाडगा मात्र रिकामा केला.

आतां पुडीकडे वळूं. तिला हिणविणें फार सोपें आहे, परंतु तिचा इतिहास हिणविण्यासारखा नाहीं. आंदो मोमोफुकु हे १९१० सालीं तैवानांत जन्मलेले गृहस्थ. १९५७ च्या सुमारास, ज्या पतसंस्थेचे ते अध्यक्ष होते ती बुडाली व राहत्या घराखेरीज त्यांच्याजवळ फारसें कांहीं उरलें नाहीं. ओसाकाजवळ इकेदा येथें घरामागें खोपट उभारून त्यांनीं प्रयोग सुरू केले. पत्नी तेलांत 'तेम्पुरा' तळीत असतांना त्यांना युक्ति सुचली, असें सांगतात. वाफविलेल्या शेवया उकळत्या तेलांत सोडल्या म्हणजे आंतील पाणी वाफ होऊन उडून जातें व तेथें असंख्य बारीक छिद्रें राहतात. पुढें गरम पाणी ओतलें कीं तें त्याच छिद्रांतून आंत शिरतें. २५ ऑगस्ट १९५८ रोजीं 'चिकिन रामेन' बाजारांत आलें. त्याची किंमत ३५ येन होती, आणि त्या वेळीं ताज्या उदोन-शेवयांचा एक घाणा ६ येनांना मिळे! आज जी पुडी गरिबीची खूण समजतात, ती जन्मतः चैनीची वस्तु होती. पुढें कारखाने वाढले तसा भाव उतरला. १९७१ सालीं पेला-शेवया निघाल्या, आणि १९७२ च्या फेब्रुवारींत आसामा पर्वताजवळच्या ओलीस-प्रकरणांत बर्फांत उभे असलेले पोलीस तो पेला हातांत घेऊन खातांना साऱ्या देशानें दूरचित्रवाणीवर पाहिले. २००० सालीं एका जपानी संस्थेनें विसाव्या शतकांतील सर्वोत्तम जपानी शोध कोणता असें लोकांना विचारलें, तेव्हां त्यांनीं याच शेवयांना पहिला मान दिला.

प्रकृतीच्या दृष्टीनें पुडी नित्याच्या आहारांत बसण्याजोगी नाहीं, हें खरें. तळणाचा मैदा व मीठ, एवढाच तिचा मुख्य ऐवज. मात्र मिठाच्या बाबतींत अस्सल वाडग्यानेंहि फार ऐट करूं नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ खा म्हणते, आणि दुकानांतील वाडग्याचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालें तर ती मर्यादा तेथेंच संपूं शकते.

राहिला प्रश्न उंची मेजाचा. टोकियोच्या सुगामो भागांतील 'त्सुता' या नऊ आसनांच्या दुकानाला मिशलिनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेंत एक तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला हा मान प्रथमच लाभत होता. त्याचे चालक ओनिशी युकि शोयूच्या रश्शांत ट्रफल नांवाच्या युरोपीय अळंब्याचा सुवास मिसळीत. लोक पहाटेपासून येऊन वेळेचें तिकीट घेत. ओनिशी २०२२ सालीं अकालीं वारले. आश्चर्य आहे तें त्यांच्या भावाचें: तारा मिळाला त्या काळीं तेथील साधा वाडगा हजार येनांच्या आसपास मिळे.

या हजार येनांतच या धंद्याचें खरें दुखणें आहे. जपानी ग्राहकाच्या मनांत रामेनच्या किंमतीला जणूं एक भिंत आहे. तिला तेथें 'हजार येनांची भिंत' असेंच म्हणतात. तीच व्यक्ति इटालियन शेवयांना दीडपट पैसे कुरकुर न करतां देते, पण रामेनचा भाव चार आंकडी झाला कीं तिला अन्याय वाटतो. पीठ, हाडें, इंधन व मजुरी यांचे भाव वाढत गेले, भिंत मात्र फारशी हलली नाहीं, आणि २०२४ सालीं दिवाळें निघालेल्या रामेन-दुकानांची संख्या पूर्वीं कधीं नव्हती इतकी झाली. बुडालीं तीं बहुतेक लहान दुकानें. ज्यांच्या मोठ्या शाखा आहेत ते रस्सा कारखान्यांत करवून घेतात. एकटा म्हातारा दुकानदार मात्र रात्रभर हाडांपाशीं उभा राहतो. आमच्या खानावळवाल्या बाईंनीं ताटामागें दहा रुपये वाढविले म्हणजे आम्ही किती बोलतों, आणि उंची उपाहारगृहांत आंकडा न वाचतां कसे सही करतों, हें आम्हांला त्या वेळीं आठवलें, व आठवलें तें फारसें सुखाचें नव्हतें.

स्नेह्यांच्या घरीं हें सारें आम्ही सांगत होतों. कन्या ऐकत होती. मधून मधून पापडखाराविषयीं व त्या खोपटाविषयीं विचारीत होती. बोलतां बोलतां वाडग्याकडे लक्ष गेलें तेव्हां शेवयांनीं सगळा रस्सा पिऊन टाकला होता व त्या फुगून बोटाएवढ्या झाल्या होत्या. "काका, दुसरी पुडी करूं का?" तिनें विचारलें. आम्हीं कर म्हटलें, आणि या खेपेस तोंड बंद ठेवून भुरके मारले.